'गॉस्फर्ड पार्क': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉबर्ट ऑल्टमन यांचा २००१ सालचा हा सिनेमा मी ज्यांना ज्यांना पाहायला लावला, त्यांच्याकडून थोड्याफार फरकानं हेच प्रश्न येत राहिले. कुणाला खून नीट कळला नाही, कुणाला 'लेडी' नक्की कोणाला म्हणायचं ते कळलं नाही, आणि बरेच जण पहिल्या अर्ध्या तासातच पात्रांच्या गर्दीत हरवले. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. खुनाचा उलगडा करणारे प्रश्न अगदी शेवटी घेतले आहेत. सिनेमा पाहिला नसेल तर तिथे थांबा.

१. सिनेमा आहे तरी कशाबद्दल?

काळ नोव्हेंबर १९३२, ठिकाण इंग्लंडमधला एक अवाढव्य वाडा. सर विल्यम मॅकॉर्डल या गडगंज कारखानदाराकडे शनिवार-रविवारच्या शिकारीसाठी पाहुणे जमतात. प्रत्येक बड्या पाहुण्यासोबत त्याचा खास नोकर किंवा तिची खास दासी येते. मालक मंडळी वरच्या मजल्यांवर, नोकर मंडळी खाली तळघरात. शिकारीच्या दिवशी रात्री सर विल्यमचा खून होतो.

पण खून व्हायला अर्ध्याहून जास्त सिनेमा उलटावा लागतो. 'रहस्यपट' म्हणून पाहायला बसलेली माणसं तोवर चुळबुळ करायला लागतात. माझी विनंती अशी की पहिला तासभर खून होणार आहे हे विसरून जा. कोण कोणाच्या मागे उभं आहे, कोण कोणासाठी दार उघडतं, कोणाकडे कोणी पाहतच नाही, एवढंच बघा. सिनेमाचा खरा जीव तिथे आहे.

२. इतकी पात्रं आहेत, लक्षात कशी ठेवायची?

मेरीचा पदर धरून चला. केली मॅकडोनल्डनं केलेली ही कोवळी स्कॉटिश मुलगी काउंटेस ऑफ ट्रेंथम या उमरावपत्नीची (मॅगी स्मिथ) नवी दासी आहे. तिलाही या घरातलं काही माहीत नाही, त्यामुळे तिला जे कळत जातं ते आपल्याला कळत जातं.

वरच्या मजल्यावर तीन बहिणी ध्यानात ठेवल्या की पुरे. सिल्व्हिया, लुईसा आणि लॅव्हिनिया, तिघी एका अर्लच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, मुली. सिल्व्हिया (क्रिस्टिन स्कॉट थॉमस) सर विल्यमची बायको आहे. मेरीची मालकीण त्यांची आत्या. तळघरात चार जण ओळखा: बटलर जेनिंग्स, हाउसकीपर मिसेस विल्सन (हेलन मिरेन), मुख्य स्वयंपाकीण मिसेस क्रॉफ्ट (आयलीन ॲटकिन्स) आणि एल्सी (एमिली वॉटसन). एल्सी घरातल्या झाडलोट-बिछान्यांच्या मुलींची मुख्य आहे आणि मेरीला सगळं तीच शिकवते. बाकीचे हळूहळू जागेवर बसतात.

३. संवाद एकमेकांवर आदळतात, अर्धे ऐकूच येत नाहीत. प्रतीमध्ये काही दोष आहे का?

नाही. ऑल्टमन यांची ती पद्धतच होती. प्रत्येक नटाच्या अंगावर छोटा मायक्रोफोन लावायचा, दोन कॅमेरे सतत सरकते ठेवायचे, म्हणजे आपण कधी चौकटीत येऊ हे नटांना कळत नाही आणि सगळेच सतत पात्रात राहतात. लग्नघरात पंगतीच्या वेळी जसे चार ठिकाणचे आवाज एकदम कानावर येतात, तसं ऐका. सबटायटल्स जरूर लावा, पण त्यांतही सगळं येत नाही, आणि आलं नाही म्हणून बिघडत नाही.

४. कॅमेरा मालकांकडे नीट पाहत का नाही?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीनं विचारला होता आणि तो सगळ्यात नेमका आहे. सिनेमा बनवताना एक नियम पाळला गेला: नोकर हजर असल्याशिवाय वरच्या मजल्यावरचं काही दाखवायचं नाही. मालकांचं भांडण, मालकांची लफडी, मालकांची कर्जं, जे काही आपण पाहतो ते ट्रे घेऊन आत आलेल्या, कोपऱ्यात उभ्या असलेल्या, दिवा लावायला आलेल्या कोणाच्या तरी उपस्थितीत घडतं. नोकर दार लावून बाहेर पडला की कॅमेराही बाहेर पडतो.

एकदा हे कळलं की अंगावर काटा येतो. कारण बोलणारे गप्प होत नाहीत. नोकर आत आला म्हणून कोणी आवाजसुद्धा खाली आणत नाही. टेबल-खुर्चीसमोर कोण कशाला संकोचेल?

५. हा वाडा खरा आहे का?

'गॉस्फर्ड पार्क' हे नाव काल्पनिक. बाहेरचं रूप आणि खालच्या मोठ्या दालनांचं चित्रण हर्टफर्डशरमधल्या रॉथम पार्क या १७५४ सालच्या हवेलीत झालं. नोकरांचं तळघर मात्र शेपर्टन स्टुडिओत उभारलेलं आहे. ऑल्टमन यांचे चिरंजीव स्टीफन यांनी ते रचलं.

६. पाहुण्यांच्या नोकरांना त्यांच्या मालकांच्या नावानं का हाक मारतात?

परक्या घरी आलेल्या नोकराला तळघरात त्याच्या मालकाच्या नावानं ओळखायचं, अशी तेव्हाची रीत होती. म्हणून मेरी मॅकेकरन इथे 'मिस ट्रेंथम' होते आणि लुईसाचा नवरा लॉर्ड स्टॉकब्रिज, त्याचा नोकर रॉबर्ट पार्क्स 'मिस्टर स्टॉकब्रिज'. सांगितलेलं कारण सोयीचं: डझनभर परकी नावं पाठ करण्यापेक्षा हे सोपं.

पण मानपानही त्याच नावावरून ठरतो. वर ज्याच्या मालकाचा हुद्दा मोठा, खाली जेवणाच्या टेबलावर त्याची जागा वरची. त्या हिशेबानं काउंटेसची दासी असलेली मेरी वयानं आणि अनुभवानं लहान असूनही अनेक मुरलेल्या नोकरांच्या पुढे जाते. ज्या उतरंडीनं त्यांना तळघरात ठेवलं, तीच उतरंड तळघरातली माणसं स्वतःच्या टेबलावर काटेकोर पाळतात. मला हा सिनेमातला सर्वांत दुखरा भाग वाटतो.

७. मिसेस विल्सनचा नवरा कुठे आहे?

'मिसेस' या शब्दावर जाऊ नका. मोठ्या घरातल्या हाउसकीपरला आणि मुख्य स्वयंपाकिणीला लग्न झालेलं असो वा नसो, 'मिसेस' म्हणण्याची प्रथा होती. तो पदाचा मान. बटलरला बाकीचे नोकर 'मिस्टर जेनिंग्स' म्हणत, मालक नुसतं 'जेनिंग्स'. फुटमनना, म्हणजे वर्दी घालून वाढप करणाऱ्या तरण्या पोरांना, नुसतं पहिलं नाव. एका माणसाला कोण काय हाक मारतं, एवढ्यावरून त्याची घरातली पायरी समजते.

८. सिल्व्हियाला 'लेडी सिल्व्हिया' म्हणतात, 'लेडी मॅकॉर्डल' का नाही?

हा खरा गुंत्याचा भाग. 'सर' किताब असलेल्या माणसाची बायको नवऱ्याच्या आडनावानं 'लेडी' होते. म्हणजे सर विल्यमनं साध्या घरातल्या बाईशी लग्न केलं असतं तर ती 'लेडी मॅकॉर्डल' झाली असती. पण सिल्व्हिया अर्लची मुलगी. ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल या वरच्या दर्जाच्या उमरावांच्या मुलींना जन्मतःच स्वतःच्या नावाआधी 'लेडी' लागतं, आणि खालच्या हुद्द्याच्या माणसाशी लग्न केलं तरी ते सुटत नाही. म्हणून 'लेडी सिल्व्हिया'. या हाकेतच दर वेळी ऐकू येतं की ही बाई माहेरानं मोठी आहे, नवऱ्यामुळे नव्हे.

अपवादाला अपवाद: तिच्याच बहिणीनं लॉर्डशी लग्न केलं, त्यामुळे ती नवऱ्याच्या किताबानं 'लेडी स्टॉकब्रिज' झाली. काउंटेस ऑफ ट्रेंथमला समोरासमोर 'लेडी ट्रेंथम' म्हणतात. एकाच 'लेडी' शब्दामागे तीन वेगळे हिशेब आहेत.

९. इतके मोठे लोक सर विल्यमपुढे लाचार का?

पैसा. काउंटेसला तो दरसाल पैसे देतो आणि ते बंद होतील या धास्तीनं तिचा जीव वरखाली होत असतो. एका मेव्हण्याला धंद्यात त्याचं भांडवल हवंय. जमिनीवर जगणाऱ्या जुन्या घराण्यांचे तेव्हा हाल सुरू झाले होते: १९३० पासून अतिश्रीमंतांच्या मृत्यूनंतर इस्टेटीवर सरकार ५० टक्क्यांपर्यंत कर घेऊ लागलं होतं, आणि वर जागतिक मंदी. म्हणून कुलीन मुलगी आणि कारखान्याचा पैसा यांची सोयरीक जमायची. सिल्व्हिया की लुईसा, विल्यमशी लग्न कोणी करायचं हे बहिणींनी पत्ते काढून ठरवलं, असं नोकर एकमेकांत बोलतात.

गंमत अशी की त्याचा पैसा सगळे खातात आणि त्याच्या पैशाच्या उगमाला सगळे नाकं मुरडतात. तो पैसा कोणाच्या घामाचा, आणि कोणाच्या अब्रूचा, हे पुढे उलगडतं (प्रश्न १७).

१०. म्हणजे 'क्लास' ही आपल्याकडची जातच ना?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. सरळ बरोबरीचं चिन्ह घालू नये असं मला मनापासून वाटतं. तिथे शिवाशिव नाही. गरीब घरची बाई रांधते, काउंटेस जेवते, विटाळाचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. पैसा, योग्य शाळा आणि एक-दोन पिढ्या, एवढ्यावर वर सरकता येतं, निदान मुलांना तरी. जात अशी धुतली जात नाही. दोन्ही एकच म्हटलं की जातीचा दाह कमी लेखला जातो.

पण एक गोष्ट आपल्याला विनासायास कळते: बोली. वर्गात कोणी 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणालं की मागच्या बाकावरून उठणारं हसू ज्यांनी सोसलंय किंवा ऐकलंय, त्यांना ब्रिटिश माणूस उच्चाराला का घाबरतो हे समजावून सांगावं लागत नाही. 'ण' आणि 'न' यांतल्या फरकावर माणसाचं घर, शाळा, जात असं सगळं ओळखल्याचा आव आपल्याकडे आणतात. सिनेमात हेन्री डेंटन हा हॉलिवूडच्या निर्मात्याचा नोकर आपण स्कॉटलंडचे असल्याचं सांगतो. साहेबांना काही खटकत नाही. मेरी खरी स्कॉटिश, तिच्या कानाला ते खोटं लगेच लागतं.

११. मग खालून वर, किंवा वरून खाली, कोणी जाऊच शकत नाही का?

प्रयत्न करणारे चार-पाच जण आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

मेबल ही हातमोज्यांच्या कारखानदाराची मुलगी. नवऱ्यानं तिच्या पैशासाठी लग्न केलं, पैसा आटला आणि आता तो तिला चारचौघांत टाकून बोलतो. तिच्याकडे स्वतःची दासी नाही, संध्याकाळचा झगा एकच, हिरवा. त्या रंगावरून काउंटेस गोड आवाजात जे बोलते, ते चाबकासारखं लागतं.

मॉरिस वाइसमन (बॉब बॅलबन, सिनेमाची मूळ कल्पना त्यांची आणि ऑल्टमन यांची) हा अमेरिकी निर्माता. परका, म्हणून त्याला उतरंडीत जागाच नाही. तो शाकाहारी आहे हे कळल्यावर स्वयंपाकघरात जी धांदल उडते, ती आपल्याकडच्या प्रेक्षकांना फार भावते.

आणि हेन्री. तो खरं तर नट आहे, भूमिकेच्या अभ्यासासाठी नोकर बनून तळघरात राहिला, हे उघड झाल्यावर वरच्यांना त्याचं कौतुक वाटत नाही आणि खालचे तर पेटून उठतात. एक फुटमन त्याच्या मांडीवर गरम कॉफी सांडतो. मला त्या फुटमनचा राग येत नाही. ज्यात आपला जन्म जातो तो दुसऱ्या कोणाचा दोन दिवसांचा खेळ होता, हे पचवणं सोपं नाही.

१२. पियानो वाजवणारा आयव्हर नॉव्हेलो खरा माणूस होता ना?

होय, एवढ्या सगळ्यांत तोच खरा. मूळचा वेल्समधल्या कार्डिफचा, त्या काळचा अफाट लोकप्रिय संगीतकार आणि नट. सिनेमात ती भूमिका जेरेमी नॉर्दम यांची आहे.

त्याच्या गाण्याचा प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकतो. दिवाणखान्यात तो गातोय आणि पाहुणे कंटाळले आहेत. कोणी पत्ते खेळतंय, कोणी कधी संपणार म्हणून पाहतंय. दाराबाहेर, जिन्याच्या काळोखात, बोळांत मात्र नोकर उभे आहेत. हातातलं काम टाकून, श्वास रोखून. ज्याला त्यांनी फक्त पडद्यावर पाहिलं, रेकॉर्डवर ऐकलं, तो भिंतीपलीकडे खरोखर गातोय. दाराच्या फटीतून येणारी उजेडाची एक पट्टी त्यांच्या चेहऱ्यांवर. गाणं ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना ते नकोय, आणि ज्यांना हवंय त्यांना आत पाऊल टाकायची मुभा नाही. बरोबर याच वेळी घरात खून होतो, आणि पहिल्यांदा पाहताना आपलंही लक्ष गाण्यातच असतं.

१३. एल्सी एकच वाक्य बोलली. एवढ्यावरून नोकरी जाते?

जाते, आणि तिला ते त्या क्षणीच कळतं. रात्रीच्या जेवणाला सर विल्यमला टोचून बोललं जातं, वाढायला उभी असलेली एल्सी न राहवून त्याची बाजू घेते, आणि घेताना 'बिल' म्हणते. काट्या-चमच्यांचा आवाज थांबतो. त्या एका एकेरी नावातून त्यांचे संबंध उघडे पडतात, हे तर आहेच. संबंध बहुतेकांना ठाऊक असतील. अक्षम्य ठरतं ते तिचं बोलणं.

एक तारीख सोबत ठेवून हा प्रसंग पाहा. १९२८ साली ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरच्या सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं मतदानाचा हक्क मिळाला होता. म्हणजे देशाचं सरकार कोणाचं असावं हे १९३२ सालची एल्सी ठरवू शकत होती. जेवणाच्या टेबलाशी तोंड उघडू शकत नव्हती.

१४. हे सगळं खरंच असं होतं, की सिनेमासाठी वाढवलंय?

बारकाव्यांत हा सिनेमा फार प्रामाणिक आहे. पटकथाकार ज्युलियन फेलोज यांना हे जग माहीत होतं, आणि सेटवर सल्ल्यासाठी आर्थर इंच यांच्यासारखे आयुष्यभर बटलरकी केलेले वृद्ध गृहस्थ होते. नाश्त्याची रीतच घ्या. दिवसभर ज्यांना बुटाची नाडीही दुसरा बांधतो, ते पुरुष सकाळी नाश्ता मात्र मांडलेल्या भांड्यांतून स्वतः वाढून घेतात, कारण इंग्रज घरात नाश्त्याला नोकर वाढत नसत. लग्न झालेल्या बायकांना ट्रे पलंगावर. काउंटेस तिथेही मार्मलेड विकतचं निघालं म्हणून नाराज.

आकडाही पाहा: १९३१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ लाख स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. बहुतेकींना असे वाडे दिसलेही नसतील. एखाद्या मध्यमवर्गीय घरात एकटीनंच राबणारी मोलकरीण, हे जास्त नेहमीचं चित्र. तळघरातली गजबज तिच्या वाट्याला आली नाही.

१५. 'डाउन्टन ॲबी' आवडली होती. हे तसंच आहे का?

लेखक तेच, ज्युलियन फेलोज, आणि मॅगी स्मिथही दोन्हींत आहेत. २०१० साली सुरू झालेली ती मालिका या सिनेमाच्याच कल्पनेतून वाढली. स्वभाव वेगळा. मालिकेत मालक नोकरांची काळजी घेतात, अडचणीत धावून येतात. इथे मालकांना नोकरांची खरी नावंही माहीत नसतात. मालिका पाहून ऊब मिळते. माझं मत विचाराल तर खऱ्याच्या जवळ हा सिनेमा जास्त जातो.

१६. ऑस्करला काय मिळालं?

सात नामांकनं, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शकही. मिळालं एकच, फेलोज यांना मूळ पटकथेसाठी. मार्च २००२च्या त्याच समारंभात आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' परभाषिक चित्रपटांच्या नामांकनात होता. साहेबाच्या राज्याची दोन चित्रं एकाच रात्री त्या सभागृहात होती: एक चंपानेरच्या मैदानावरून पाहिलेलं, दुसरं साहेबाच्याच घराच्या तळघरातून.

इथून पुढे खुनाचा उलगडा आहे. सिनेमा पाहिला नसेल तर थांबा.

१७. विष कोणी दिलं, सुरी कोणी मारली? दोन खुनी कसे?

सर विल्यम आपल्या कारखान्यांतल्या मुलींना नादी लावायचा. दिवस गेले की दोन पर्याय: मूल सोड, ते चांगल्या घरात दत्तक जाईल, किंवा मूल ठेव आणि नोकरी गमाव. दत्तक वगैरे काही नव्हतं, मुलं अनाथाश्रमात टाकली जात. मिसेस विल्सन अशाच मुलींपैकी एक. तिनं मूल सोडलं. ते मूल म्हणजे रॉबर्ट पार्क्स, जो आता बापावर सूड उगवायला लॉर्ड स्टॉकब्रिजचा नोकर बनून या घरात शिरलाय.

रॉबर्ट सुरी मारतो, पण सर विल्यम त्याआधीच विषानं मेलेला असतो. विष मिसेस विल्सननं दिलं. हा मुलगा कोण आणि कशासाठी आलाय हे तिनं ओळखलं होतं. मुलाच्या हातून खून होऊ नये म्हणून तिनं तो आधी केला, म्हणजे मुलाच्या माथी फक्त प्रेताला सुरी मारल्याचा दोष उरला. चांगल्या नोकराला मालकाची गरज त्याच्याआधी कळते, असं ती मेरीला सांगते. जन्मभर चाकरीत कमावलेलं हे एकच कसब तिनं एकदाच स्वतःच्या माणसासाठी वापरलं.

१८. पोलिसांना हे कळत कसं नाही?

इन्स्पेक्टर थॉम्पसन (स्टीफन फ्राय) मूर्ख आहे म्हणून, असं उत्तर बरेच जण देतात. त्याचा हवालदार पुरावे दाखवत राहतो आणि तो ऐकत नाही, हे खरंच. पण तो चुकतो ते आणखी एका ठिकाणी: नोकरांची चौकशी करायची त्याला गरजच वाटत नाही, मृताशी खरा संबंध असलेल्या माणसांतच त्याला रस आहे. म्हणजे वरच्यांत. तो ज्यांना वगळतो, त्यांच्यातच एक मयताचा मुलगा आहे आणि एक त्या मुलाची आई.

१९. मिसेस क्रॉफ्ट आणि मिसेस विल्सन एकमेकींवर इतक्या खार का खातात? आणि शेवटी शिक्षा कोणाला?

त्या सख्ख्या बहिणी आहेत. मिसेस क्रॉफ्टलाही त्याच माणसापासून मूल झालं. तिनं ते सोडलं नाही, नोकरी गमावली, आणि मूल वाचलं नाही. एकीनं मूल दिलं, दुसरीनं ठेवलं, दोघींच्याही हाती काही राहिलं नाही. एकाच छताखाली राहून वर्षानुवर्षं त्यांनी कामापुरतंच तोंड उघडलं.

शेवटी मिसेस विल्सन आपल्या खोलीत पलंगावर कोसळून रडते. मुलगा घरातून निघून चाललाय आणि आपली आई कोण हे त्याला माहीत नाही. आवाज ऐकून मिसेस क्रॉफ्ट आत येते, तिला कवेत घेते आणि समजावते की तुझा मुलगा जिवंत आहे, हेच मोठं.

शिक्षा कोणालाच होत नाही. पाहुणे गाड्यांत बसून निघतात, मेरीसुद्धा काउंटेसबरोबर. सगळं ठाऊक असलेली तीच एक, आणि ती कोणालाही सांगत नाही.